शेळी का रडत होती

भात पिवळं पडलं की माझं डोकं दुखायला लागतं. या दिवसांत इतरांना काय काय होतं ते मला ठाऊक आहे. कापलेल्या भाताच्या वासानं कुणाला माहेर आठवतं, कुणाला आईच्या हातचे ताजे पोहे. भिसेगावात आमच्या शेजारच्या काकू तर गच्चीत उभ्या राहून लांब श्वास घेतात आणि म्हणतात, "अहाहा, काय वास सुटलाय!" मला तो वास आला की एक शेळी आठवते आणि चिडचिड सुरू होते. शेळी पुस्तकातली आहे. चिडचिड खरं तर माझी स्वतःवरच आहे, पण ती निघते घरातल्या माणसांवर. "आई, दिवाळी जवळ आली की तू भांडी आपटतेस," असं माझी मुलगी परवा म्हणाली, आणि त्यात काही खोटं नाही.

यंदा त्यात भर म्हणून पुस्तकांचा नवा गठ्ठा आलाय. सोबत एक रंगीत तक्ता, 'मुलांबरोबर पुस्तक कसे वाचावे'. तक्त्यावर हसऱ्या चेहऱ्याच्या एक बाई आहेत, कडक इस्त्रीच्या साडीतल्या. समोर सहा मुलं, सहाही आंघोळ केलेली, सहाही पुस्तकाकडे बघताहेत. ज्यानं हे चित्र काढलं त्यानं अंगणवाडी लांबून तरी पाहिली असेल का? माझ्याकडे मी पुस्तक उघडलं की दोघं पुस्तकात बघतात, एक माझ्या हातातल्या बांगड्या फिरवत बसतं, एक झोपतं, एक दारातल्या कुत्र्याशी बोलतं आणि एकाला बाहेर जायचं असतं, तेही आत्ताच्या आत्ता. तक्ता मी भिंतीला लावला. लावलाच पाहिजे, त्याचा फोटो पाठवायचा असतो.

मी अंगणवाडी सेविका. राहते कर्जतच्या भिसेगावात, आणि माझी अंगणवाडी खालापूरच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याच्या एका वाडीत. फाट्यापर्यंत सहा आसनी रिक्षा, पुढे बांधाबांधानं वीस-पंचवीस मिनिटं चाल. वाडीतले दोघंतिघं साजगावला कारखान्यात कंत्राटावर जातात. बाकी घरं पावसात खालच्या गाववाल्यांच्या शेतावर लावणीला, दसऱ्याच्या सुमाराला कापणीला, आणि झोडणी उरकली की टेंपोत बसून वीटभट्टीवर. परत येतात ती पाऊस तोंडावर आल्यावर. तोवर वाडीत म्हातारी माणसं, कोंबड्या, आणि जी म्हाताऱ्यांपाशी ठेवलेली असतात तेवढीच मुलं. म्हणून माझी सगळी घाई कापणीच्या महिन्यात. जे काय शिकवायचं, दाखवायचं, मोजायचं, लिहायचं ते टेंपो यायच्या आत.

तीन वर्षांपूर्वीची कापणी अशीच होती. ऊन नुसतं टाळूवर बसलेलं. आया पहाटेच विळे घेऊन शेतावर निघायच्या आणि जाताजाता पोरं माझ्या दारात सोडायच्या. मी पोचायच्या आधीच दहा-बारा पोरं पायरीवर बसलेली असायची, अंगाला पेंढ्याचं कूस लागलेलं, पाय खाजवून खाजवून लाल केलेले. आत पत्र्याखाली भट्टीसारखा उकाडा. मदतनीस हौसाबाई मागे खिचडी ढवळायच्या, चुलीचा धूर सरळ आत. त्या धुरात, त्या खाजेत, मी पुस्तक उघडायचं आणि मुलांना गोष्टीची गोडी लावायची, असा वरून आदेश.

पुस्तक एकच होतं, मोठं, जाड पानांचं. एका शेळीचं करडू हरवतं. शेळी विहिरीला विचारते, आंब्याला विचारते, गवताच्या गंजीला विचारते, आणि शेवटच्या पानावर करडू डालग्याखाली झोपलेलं सापडतं. म्हणजे कोंबड्या झाकायची ती बांबूची मोठी टोपली. चित्रकारानं गंमत केली होती. पहिल्या पानापासून प्रत्येक चित्रात कुठल्या तरी कोपऱ्यात ते डालगं होतं आणि त्याच्याखालून करडाची शेपटी बाहेर आलेली होती. मोठ्या माणसांना ती चटकन दिसत नाही. मला तिसऱ्या दिवशी दिसली.

पहिल्या दिवशी मी सुरुवात केली, "एक होती शेळी."

"हूं!" बारा गळ्यांतून एकदम.

"तिचं करडू हरवलं."

"हूं!"

मला वाटलं चेष्टा चाललीय. त्यात तो धूर. मी पुस्तक मिटलं आणि ओरडले, "हूं काय हूं? गाई-म्हशी आहात का? हाताची घडी, तोंडावर बोट. मधे आवाज केला तर गोष्ट बंद." बारा बोटं बारा तोंडांवर गेली. मला तेव्हा फार बरं वाटलं. इतका शांत वर्ग अठरा वर्षांत पहिल्यांदाच मिळाला होता.

आता त्या शांततेत प्रश्न विचारायचे होते. त्याचं प्रशिक्षण आम्हाला कर्जतला एका हॉलमध्ये नुकतंच दिलेलं. आमच्या पर्यवेक्षिका मॅडमनी खडूनं फळ्यावर लिहिलं होतं: थांबा, विचारा, वाट बघा. हे काय आहे, पुढे काय होईल, असं का झालं. गोष्ट नुसती ऐकवायची नाही, मुलाशी गोष्टीबद्दल बोलायचं, म्हणजे त्याला ती समजते. यात चूक काही नव्हतं, हे मी आजही म्हणते. चूक मी आधीच करून बसले होते. पोरांच्या तोंडावर बोट ठेवायला लावायचं आणि मग म्हणायचं, बोला.

तरी काही बोलायची.

"शेळी का रडतेय?" मी विचारायची.

"बाई, ती शेळी कुनाची हाय?"

"कुणाची का असेना. ती रडतेय का?"

"तिला दावं नाय बांधलं."

"दावं राहू दे बाजूला. रडतेय का ती?"

"बाई, मला मुतायला."

उत्तर पुस्तकाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेलं होतं: शेळीला एकटं वाटतंय. तेवढं कुणीतरी म्हणावं म्हणून मी पाच दिवस तेच पुस्तक काढलं, तोच प्रश्न विचारला. कुणी म्हणेना. मी हात टेकले. घरी आल्यावर भाजी करताना सुद्धा माझ्या तोंडात तेच असायचं. नवरा एकदा म्हणाला, "अगं, कुणाची शेळी?" तर त्याच्यावरही ओरडले.

या सगळ्यात सर्वांत जास्त राग यायचा तो रेश्माचा. साडेचार वर्षांची पोर, पहिल्या रांगेत, माझ्या अगदी गुडघ्याला टेकून बसायची. इतर मुलं निदान काहीबाही बोलत. ही चकार शब्द काढायची नाही. पुस्तकाकडे थोडा वेळ बघायची आणि मी प्रश्न विचारला की पुस्तक सोडून माझ्या तोंडाकडे बघत राहायची. ते बघणंही वेगळं होतं. आजारी माणसाकडे आपण बघतो तसं. मी म्हणायची, "रेश्मा, करडू कुठे आहे? सांग बघू." ती डालग्याकडे बघे, मग माझ्याकडे बघे, आणि मान खाली घाली. एकदा तर तिनं माझ्या हातावरून हळूच हात फिरवला. मी तो झटकला आणि म्हटलं, "हात नको, तोंड चालव."

प्रत्येक मुलाचं एक कार्ड असतं. त्यावर तीन चौकोन: गोष्ट समजते, थोडी समजते, समजत नाही. शनिवारी मी कार्डं भरायला बसले आणि रेश्माच्या तिसऱ्या चौकोनात खूण केली. फार विचार केला असं नाही. पेनची शाई संपत आली होती आणि आठ कार्डं बाकी होती.

सोमवारी सकाळी तिची आई, सोमी, दारात येऊन उभी राहिली. डोक्याला फडकं, हातात विळा, उंबऱ्याच्या बाहेरच. आत ये म्हटलं तरी आली नाही, पाय चिखलाचे होते म्हणे.

"बाई, एक इचारायचं व्हतं. रेशमीला काय कळतंय का हितलं?"

"का गं?"

"नाय, आमचं आठ दिसांत निघायचं हाय भट्टीवर. कळत असंल तं तिला आजीपाशी ठिवून जाते. म्हातारी रायला तयार हाय. नाय तं मंग संगं नेते. बारक्याला तरी धरील."

माणसाचं आयुष्य कुठल्या घडीला कुणाच्या हातात जातं बघा. त्या घडीला माझ्या एका हातात वजनकाटा होता, त्याचा हूक तुटलेला. दुसऱ्या हातात मोबाईल होता, त्यावरून शनिवारचे फोटो जात नव्हते कारण वाडीत रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर चढलं तरच येते. मागे दोन पोरं एका चमच्यावरून भांडत होती. मी सोमीकडे नीट बघितलंही नाही.

"खरं सांगू का सोमी," मी म्हटलं, "अजून काही समजत नाही तिला. पालथ्या घड्यावर पाणी. नेलीस तरी काही बिघडत नाही."

"बरं," ती म्हणाली आणि शेतावर गेली. मी हुकाला दोरी बांधत बसले.

त्यानंतर चार दिवसांनी झोडणी ऐन भरात आली आणि अंगणवाडीत कुणी फिरकेना. पोरं आयांबरोबर खळ्यावर. पण महिन्याची वजनं राहिली होती. म्हणून मीच काटा खांद्याला अडकवून खळ्यावर गेले, मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या देत. बायका भाताचे मूठ मूठ भारे फळीवर आपटत होत्या, दाणे उडत होते, धुळीनं समोरचं दिसत नव्हतं. मी पेंढ्याच्या ढिगाच्या सावलीला टेकले. ढिगाच्या पलीकडून आवाज आला.

"येक व्हती शेळी."

"हूं."

मी वाकून पाहिलं. रेश्मा मांडी घालून बसलेली. समोर तिचा दोन वर्षांचा भाऊ, बाळ्या, अंगावर नुसता सदरा. रेश्माच्या हातात खताच्या रिकाम्या गोणीचा तुकडा होता, तो तिनं पुस्तकासारखा दुमडला होता, आणि दर वाक्याला ती त्याचं पान उलटत होती.

"तिचं करडू डालग्याखाली निजलं व्हतं. शेपटी भाईर. समद्यांना दिसायची. बाईंना नाय दिसायची."

"हूं."

"मंग शेळी हिरीवर गेली. हिरीला काय ठावं? हिर तं खाली बघते." पान उलटलं. "मंग शेळीच्या सडात दूद साठलं. लय साठलं. पोर पीत नाय तं दूद जाईल कुठं? सड दुखाय लागलं. म्हनून ती रडाय लागली."

बाळ्याला एक नाकतोडा दिसला आणि तो तिकडे बघत राहिला. रेश्मा थांबली. तिनं गोणीचं पान तसंच धरून ठेवलं. मग पायानं त्याच्या पायाला हलकेच ढोसलं. "हूं," बाळ्या नाकतोड्याकडे बघतच म्हणाला, आणि गोष्ट पुढे निघाली.

मी दोन मुलींना दूध पाजलेली बाई आहे. धाकटीच्या वेळी बाळ दवाखान्यात आणि मी घरी, असे दोन दिवस काढलेत, आणि दूध साठल्यावर काय कळा येतात ते मला कुणी सांगायला नको. तरी मी पाच दिवस त्या शेळीच्या चित्राकडे बघत होते आणि 'एकटं वाटतंय' या छापील उत्तराची वाट पाहत होते. शेळीचं दुखणं पुस्तकाच्या मागे नव्हतं, म्हणून मला ते सुचलंच नाही. साडेचार वर्षांच्या पोरीला सुचलं. मला रडूही आलं आणि स्वतःच्या दोन थोबाडीत माराव्यात असंही वाटलं.

हौसाबाई जवळच पेंढा रचत होत्या. त्या वाडीतल्याच. मी त्यांना हाक मारून म्हटलं, "ऐकलंत का हौसाबाई? ही तर सगळी गोष्ट सांगतेय! वर्गात का दातखीळ बसते हिची?"

हौसाबाई पदरानं तोंड पुसत हसल्या. "आवं, आमच्यात गोष्ट सांगताना समोरच्यानं हूं म्हनायचं असतं. हूं म्हनलं तं गोष्ट पुढं जाते. तुमी पयल्याच दिशी बोट ठिवाय लावलं तोंडावर. मंग?"

"अहो, पण मी विचारत होते ना तिला! पाच दिवस विचारत होते."

"तेच तं," त्या म्हणाल्या. "गोष्ट सांगनारा कधी इचारत नाय. इचारलं म्हंजे त्याला गोष्ट येत नाय, मधीच इसरला. पोरगी घरी सांगत व्हती, आमच्या बाईंना गोष्ट येत नाय. रोज तीच काढतात आनि आमालाच इचारतात. तुमची लय कीव येते तिला."

म्हणजे ते बघणं त्यासाठी होतं. तो हातावरून फिरवलेला हातही.

"तुम्ही मला सांगितलं का नाहीत हो?"

"मला वाटलं, पुस्तकातल्या गोष्टीची रीत तशीच असंल."

गेली तीन वर्षं मी पुस्तक वेगळ्या तऱ्हेनं वाचते. आधी गोष्ट सलग, आणि वाक्यागणिक हूं. कुणी हूं म्हणायचं विसरलं तर मी थांबते आणि बाकीची पोरं त्याला ढोसतात. दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट, पण आता मी विचारत नाही, चुकते. शेळीला बोट लावून म्हणते, ही म्हैस बघा. "म्हस नाय बाई, शेळी हाय!" म्हणते, आंब्यानं तिला करडू दिलं. "नाय दिलं, नाय दिलं!" सगळी पोरं गुडघ्यांवर उभी राहून पुस्तकावर पडतात, शेपटी दाखवतात, मला वेड्यात काढतात, आणि मग त्यांच्या घरच्या शेळ्या, कुठली कधी व्याली, कुठलीचं पिल्लू बिबट्यानं नेलं, सगळं बाहेर पडतं. त्यानंतर मी खुशाल विचारते, का रडली असेल गं ही? आता विचारलेलं चालतं. बाईंना गोष्ट येते हे ठरलेलं असतं. परवाच मॅडम पाहणीला आल्या आणि म्हणाल्या, "बाई, तुमच्या वर्गात गोंधळ फार असतो." उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांशी काय वाद घालायचा? तक्त्याशेजारी उभं राहून फोटो मात्र दिला.

रेश्मा आता वाडीच्या शाळेत दुसरीच्या पटावर आहे. जुलैपासून दिवाळीपर्यंत येते. पुढे खडूची रेघ ओढावी तशी हजेरीपुस्तकात तिच्या नावापुढे गैरहजेरी. एकदा घर सोडून भट्टीवर गेलेलं पोर पुढच्या वर्षीही जातं. तिथं त्याचा हात कामाला लागतो आणि मग तो सोडवत नाही. तिचे गुरुजी मला रिक्षात भेटतात. "हुशार आहे हो," म्हणतात, "पण टिकत नाही." मी रिक्षाबाहेर बघते. बाहेर भात पिवळं झालेलं असतं.

त्या वर्षी खळ्यावरून मी तशीच सोमीकडे जायला हवं होतं. ती तिथंच होती, पन्नास पावलांवर, भारे आपटत. पण धूळ होती, ती कामात होती, शेतमालक बघत होता. मी म्हटलं, उद्या निवांत सांगू. दुसऱ्या दिवशी आमची मासिक सभा निघाली, हजेरी सक्तीची. तीन तास बसून आम्ही 'मुलाचे ऐकून घ्या' या विषयावर ऐकून घेतलं. मी सारखं घड्याळ बघत होते. सभा सुटेपर्यंत वाडीकडे जाणारी शेवटची रिक्षा गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी बांधावरून जवळजवळ पळतच गेले. वाडीच्या तोंडाशी टेंपो उभा होता. आत हंडे, गोधड्या, बांबू, आणि त्या सगळ्यावर माणसं. आजी आधीच चढून बसली होती, मांडीवर बाळ्या. नात निघाली तर मागे एकटीनं राहून करायचं काय, म्हणून तिनंही भट्टीच्या मुकादमाला कामाचा होकार दिला होता आणि घराच्या दाराला काट्या लावल्या होत्या. तिच्या मागे रेश्मा. मला बघून ती ओळखीचं हसली. सोमी खाली उभी राहून मागची दोरी बांधत होती.

"सोमी, चुकलं गं माझं," मी धापा टाकत म्हटलं. "तिला सगळं कळतं. मला कळत नाही एवढं कळतं. मी खळ्यावर ऐकलं स्वतः. तिला ठेवून जा. आजीला उतरव."

"आता कशी उतरवू, बाई? मुकादमाला नाव दिलंय म्हातारीचं." सोमीनं दोरी ओढली. आवाजात राग वगैरे काही नव्हता. "आनि रेशमीला कळतं, ते मला ठावं हाय की. घरात समद्यांना गोष्टी तीच सांगते."

माझं डोकंच फिरलं. सगळ्यांसमोर मी तिच्यावर ओरडले, "ठाऊक होतं तर मला विचारायला कशाला आलीस?"

ड्रायव्हरनं टेंपो सुरू केला. सोमीनं गाठ मारली, ओढून बघितली आणि माझ्याकडे वळली.

"तुमी बाई ना," ती म्हणाली. "मला वाटलं, तुमी नाय म्हनता तं मलाच उगी तसं वाटत असंल."